तीन मजल्यांचा केक

गनीभाईंनी मधला केक खालच्या केकवरून उचलला आणि टेबलावर ठेवला. त्याच्या कापलेल्या माथ्यावर गवंड्याची पाणसळ आडवी टेकवली. काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मध्ये येऊन थांबला.

"सरळ हाय," ते म्हणाले.

त्यांनी तोच केक पुन्हा खालच्या केकवर चढवला. बुडबुडा दाराच्या बाजूला सरकला.

भट्टीत केकचा माथा घुमटासारखा फुगतो. तो कापून सपाट केल्याशिवाय वर साखरेचं काम करता येत नाही. गनीभाई तीस वर्षं हे काम करत होते, पण एकावर एक तीन केक चढवायची ही पहिलीच वेळ होती. मधला केक सकाळपासून दोनदा कापून झाला होता आणि दोन बोटं खाली उतरला होता.

"गनीभाई, असंच कापत राहिलात तर साहेबाच्या पोरीला बिस्कुटावर बिस्कुट ठेवून न्यावं लागंल," बाकावर बसलेले चांदभाई म्हणाले. ते लष्करी कॅम्पातल्या मेसचे खानसामा. साहेबाच्या मुलीचं लग्न संध्याकाळी पाचला होतं. साखर मेसनेच दिली होती, रेशनची. दुसरा केक करण्याइतकी ती उरली नव्हती.

"टेबलावर सरळ अन् केकवर वाकडा. असं कसं हुईल?" गनीभाईंनी तिसऱ्यांदा सुरी उचलली.

"अब्बा, थांबा."

मागच्या बाजूला अंड्याचं पांढरं फेटत बसलेली गौहर उठून आली होती. ती त्यांची सून. केक कापायचं काम आजवर तिच्याकडे कधी आलं नव्हतं.

"तू अंडी फेट."

"फेटते. एकदा टेबलावर ठेवून अर्धा फिरवून बघा."

गनीभाईंनी नाखुशीनं केक खाली उतरवला. पाणसळीत बुडबुडा मध्ये होता. गौहरनं केक धरून अर्धा फिरवला आणि पाणसळ होती तशीच त्यावर टेकवली. बुडबुडा थेट भट्टीकडच्या टोकाला गेला.

"केक तोच हाय," ती म्हणाली. "टेबल दाराकडं उतरतंय. म्हणून तुमच्या हातून दाराकडची बाजू जाड राहती."

"टेबल उतरतंय? कुणी सांगितलं?"

"मी रोज फरशी धुते, अब्बा. पाणी आपलं आपण दाराकडं जातं."

पाणी बाहेर जावं म्हणून फरशीचा तो उतार गनीभाईंनीच सांगून करून घेतला होता. चांदभाई मध्येच बोलले.

"म्हंजी मी उगाच न्हवतो सारत."

"काय सारत?"

"पुठ्ठ्याची घडी. तुमचा केक आला की सरळ दिसावा म्हणून एका अंगाला खाली सारायची. मला वाटायचं, तुमच्या बेकरीची रीतच हाय ती."

"किती वर्सं?"

"मेसमधी लागलो तवापासनं. चौदा."

"अन् बोलला न्हाईस कधी?"

"बोलून काय करायचं? केक गोड हुता."

गनीभाईंनी सुरी टेबलावर ठेवली. मग ते बाजूला झाले.

"काप," ते गौहरला म्हणाले.

तिनं सुरी घेतली नाही. एका कागदाच्या पट्टीवर तीन बोटं मोजून खूण केली. पट्टी केकच्या कडेला उभी धरून, बुडापासून खुणेपर्यंत मोजत, तिनं चारी बाजूंना बाभळीचा एकेक काटा खोवला. काट्यांवरून दोरा फिरवला, टोकं एकमेकांत अडकवली आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढली. दोरा केकमधून आरपार गेला. जाड राहिलेल्या बाजूचा जादा भाग तेवढा निघाला. बाकीचे दोन केकही तिनं तसेच कापले आणि तिन्ही एकमेकांवर ठेवले.

गनीभाईंनी वर पाणसळ टेकवली. बुडबुडा भट्टीच्या बाजूला गेला.

"बघ. झाला का वाकडा?"

"नुसत्या टेबलावर ठेवून बघा."

त्यांनी पाणसळ शेजारी टेबलाच्या फळीवर ठेवली. बुडबुडा तेवढाच भट्टीकडे गेला. त्यांनी पुन्हा एकदा केकवर पाहिलं, पुन्हा फळीवर. नळीवरच्या त्याच रेघेशी तो थांबत होता.

"मेसचं टेबल कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"त्यावर गोट्या ठेवल्या तरी हलत न्हाईत," चांदभाई म्हणाले आणि टांगा आणायला गेले.

साखरेचं काम दोन वाजेपर्यंत चाललं. समोर दाराची चौकट होती. तिच्याशी ताडून पाहिलं की केक कललेला दिसे. गनीभाई मान खाली घालून काम करत राहिले. हात दोनदा अडला, पण केकखाली त्यांनी काही सारलं नाही. पाकळ्या, झालर, वरची दोन कबुतरं, सगळं त्यांनी कललेल्या केकवरच केलं.

तीन वाजता टांगा दारात आला. केक मेसमध्ये पोचवायला गनीभाई नेहमी स्वतः जात. त्यांनी हात धुतले, केक चांदभाईंच्या मदतीनं टांग्यात ठेवला आणि गौहरला हाक मारली.

"तू बस. धरून बस."

गौहरनं पदर डोक्यावरून घेतला आणि ती केकला दोन्ही हात लावून बसली.

"तिथं वाकडा दिसला," गनीभाई म्हणाले, "तर माझं नाव सांग."

"अन् सरळ दिसला तर?" चांदभाईंनी विचारलं.

"सरळ असला की कुणी विचारत न्हाई."