माळावरचे खुंट

बेळगावाहून हुकूम आला तसा भावकू पाटलानं गावाबाहेरच्या माळावरची भटक्यांची पालं उठवली. एक बाळंतीण तेवढी उठेना. "दोन दिस ऱ्हाऊ द्या की वो, आप्पा. पोरगं अजून डोळं बी उघडंना," ती विनवत राहिली. पाटलानं तिच्या पालाचे खुंट स्वतःच्या हातानं उपटून बाजूला रचले.

पुढं दिवाळी झाली आणि गावात प्लेग शिरला. घरं रिकामी करा, असा नवा हुकूम निघाला. सारा गाव त्याच माळावर राहायला आला. पाटलानंही पोती शिवून पाल ठोकलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे त्याचं एकट्याचं पाल अंगावर कोसळलेलं असायचं. खुंट उपटून बाजूला नीट रचलेले.

"तीच येतीया गं," तो बायकोला म्हणाला. "पोरगं काखंला मारून येत आसंल. मला हितं ऱ्हाऊ द्यायची न्हाय."

नागुबाईनं न्याहारीची भाकरी पुढं केली.



ती घ्यायला पाटलानं हात पसरले. दोन्ही तळवे सोलवटले होते, आणि नखांत माळाची तांबडी माती होती.