मोटर सुरू करण्याआधी

रचना बालाघाटात घरी बसूनच इंजिनिअरिंग शिकते. आज तिनं लॅपटॉपवर बटण दाबलं की दूरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेतली मोटर फिरणार होती.

"थांब," राइस मिलमध्ये जन्म गेलेला तिचा बाप चैतराम म्हणाला. "मशीन सुरू करताना आधी आवाज द्या लागते."

"बाबा, कोणीच नाही तिथं. कॅमेऱ्यात दिसून राह्यलं ना."

"तरी दे."

तिनं माइक सुरू केला आणि हसू दाबत म्हणाली, "मोटर चालू कर रही हूँ, हाथ हटा लीजिए."

मोटरीच्या मागून फडकं धरलेला एक हात घाईनं बाहेर आला. रचनाचं हसू विरलं.

चैतरामनं आधी त्या हाताची बोटं मोजली. पाचही होती. मग आपला तीन बोटांचा हात त्यानं लेकीच्या पाठीवर ठेवला.

"आता दाब."