काचेमागचा रविवार

राक्षसाने तोंड उघडलं आणि सगळं नाट्यगृह खदखदून हसलं. मला मात्र काहीच ऐकू आलं नाही. रडणाऱ्या मुलांसाठी मागे केलेल्या काचेच्या खोलीत मी बाळाला घेऊन बसले होते आणि तिथला स्पीकर बंद होता. पहिल्याच प्रवेशात बाळाने भोकाड पसरलं, तेव्हा नवरा मान वळवून म्हणाला होता, "अगं, घे ना त्याला." मागच्या रविवारी कळसूत्री बाहुल्यांच्या खेळालाही असंच. तिकिटं मी काढते, डबा मी भरते आणि काच माझ्या वाट्याला येते. शेवट मला घरी जाताना रिक्षात लेकीकडून कळतो.

मध्यंतरात तो वडा खात आला. "काय धमाल नाटक आहे गं!"

"हो का? मला मुकं दिसलं."

सात वर्षांची लेक आमच्या दोघांकडे बघत होती. "बाबा, मागच्या वेळीपण आईच बाहेर होती. आता तुझी पाळी. वडा संपव आणि बाळाला घे."

"अगं, तो माझ्याकडे रडेल!"

"रडू दे. खोली त्यासाठीच आहे."

पडदा पुन्हा उघडला. तिसऱ्या रांगेत बसून मी पहिल्यांदा राक्षसाचा आवाज ऐकला. केवढा किनरा होता! तरी माझी मान सारखी मागे वळत होती. काचेमागे बाळ बाबाच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं. मला त्याचाही राग आला.

लेकीने माझी हनुवटी धरून तोंड रंगमंचाकडे फिरवलं.

"आई, पुढे बघ. या वेळी शेवट मी सांगणार नाही."