काचेची पट्टी

जुन्या नाट्यगृहाच्या भिंतीला भेग आहे. तिच्यावर मी दर सोमवारी काचेची पट्टी चिकटवते. भेग रुंदावली की काच तडकते. तीनदा तडकली की इमारत धोकादायक ठरणार आणि बिल्डरला रान मोकळं. दोनदा तडकली होती.

हे बिल्डरचंच काम, आणि वॉचमन त्याला सामील, असा माझा दाट संशय होता.

"काका, खरं सांगा, आत कोण येतं?"

"कुणी नाही हो, मॅडम," ते खाली बघत म्हणाले. "कोण येईल?"

म्हणून मागच्या सोमवारी कुलूप मीच घातलं आणि किल्ली घरी नेली. आज आम्ही दोघं शिडी धरून शेजारी शेजारी दारातून आत आलो. काका लगेच बाहेर जाऊन उभे राहिले.

काच तडकलीच होती. पण तुकडे लांब सरकले नव्हते, एकमेकांवर चढले होते. बोटभर रुंद भेगेत आता नखही शिरेना.

भेग मिटत होती. म्हणजे इमारत वाचली! मला हसूच फुटलं.

"मॅडम," काका बाहेरून हळूच म्हणाले, "शिडी राहू द्या. आधी तुम्ही निघा."

मी दाराशी गेले. त्यात माझे एकटीचे खांदेही मावेनात.