कुंपणाजवळची पानं

पानगळ सुरू झाली की दर रविवारी सगळं घर मागच्या अंगणात उन्हाला बसायचं आणि सून पानं झाडायची. आठवडाभर पोस्टाच्या खिडकीत उभं राहून तिचे पाय भरून आलेले असायचे. त्यात इकडे झाडून पाठ वळवावी, तर तिकडे झाड पुन्हा पानं टाकून मोकळं.

"अंगण कसं आरशासारखं दिसतंय," नवरा खुर्चीत पाय पसरत म्हणाला.

नणंदेने चहाचा घोट घेतला. "वहिनी, कुंपणाजवळचं तेवढं राहिलं बघ."

सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. "राहू दे," म्हणत तिने हातातला खराटा फेकला. तो बादलीवर जाऊन आदळला. आता सासूबाई काय बोलतील, म्हणून तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चाळीस वर्षं हेच अंगण चकार शब्द न काढता झाडलं होतं.

सासूबाईंनी शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "दर रविवारी माझ्याही मनात यायचं गं. माझ्या हातून खराटा कधी सुटलाच नाही."