मागच्या दाराची रेघ

पंखा फिरला की भिंतीवरच्या नकाशातला तलाव हलायचा. निळ्या कागदावर बारीक लाटा उठायच्या, काठची घरं जराशी वर जायची, पुन्हा खाली बसायची. धुरपता त्या लाटांकडेच बघत राहिली होती. साहेब वाचत होते ते तिला पाण्यावरून आल्यासारखं लांबून ऐकू येत होतं. प्रभागाची सीमा... तुलारामच्या चक्कीपासून... पुढे चिंधू खोब्रागडे यांच्या घरापासून, समोरच्या गल्लीने सरळ...

"तुयं घर आलं वो," म्हणत गिरजाबाईनं तिला कोपर मारलं.

गिरजाबाई समोरच्या ओळीत राहायची. दोघींच्या उंबरठ्यांमधे एक गल्ली, आणि नकाशात त्या गल्लीमधून लाल रेघ गेली होती. धुरपताची ओळ गुलाबी झाली होती, गिरजाबाईची हिरवी. गुलाबी एका प्रभागात, हिरवी दुसऱ्या. मधे होती ती नाली, म्हणजे व्हायची राहिलेली नाली. गल्ली एका मेंबरची होती तेव्हा ती झाली नाही. आता दोघांची झाली, तर हा म्हणणार ती त्याची, तो म्हणणार याची, आणि पाणी बिचारं कोणालाच न विचारता घरात शिरणार. हरकती ऐकायला नगरपंचायतीत साहेब येणार कळलं, तेव्हा गल्लीतल्या बायांनी धुरपताला पुढं केलं. तुयं घर रेघेवर, तूच बोल.

ती उभी राहिली. पदर सारखा केला.

"बोला मावशी."

"हे रेघ आमच्या गल्लीतून नोका नेऊ, साहेब. आमची गल्ली एकच राहू द्या."

"मग कुठून नेऊ? सीमेला काहीतरी खूण लागते. रस्ता, नाला, तळं..."

"आमच्या घराच्या मांगून न्या."

"तुमचं घर कुठलं?"

"आता वाचलं ना तुमी, तेच जी."

"मी बरीच वाचली. कोणाचं घर? नाव सांगा."

धुरपतानं नकाशाकडे पाहिलं. तलाव हलला. "अतुलच्या बाबाचं," ती म्हणाली.

नकाशापाशी उभा असलेला बाबू गंभीरपणे वाकून शोधू लागला. "अतुलचे बाबा नाहीत नकाशात, मावशी."

सभागृह खदखदलं. पुढच्या रांगेत सुलोचनाबाई बसल्या होत्या, दुसऱ्या टोकाच्या वस्तीतल्या, स्वतःची हरकत घेऊन आलेल्या. त्या वळून म्हणाल्या, "अवो साहेब, नवऱ्याचं नाव अशी कशी घेईल बाई! उखाणा घ्या काकू, उखाणा! नाव घ्या!"

मग काय, सगळेच लागले. नाव घ्या, नाव घ्या. जरा वेळापूर्वी एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी माणसंसुद्धा टाळ्या वाजवू लागली. हरकतींचा मांडव झाला.

गिरजाबाई तेवढी हसली नाही. तिनं धुरपताचा पदर धरला. "बस तू. सांगून देतो मी."

पण धुरपता तिथं होतीच कुठं! ती कधीच्या एका मांडवात जाऊन पोचली होती. तिथंही अशाच बाया ओरडत होत्या, आणि तिनं नाव घेतलं तेव्हा तो लाजून आंब्याच्या टहाळ्यांकडे बघत बसला होता. त्याला आपलं नाव आवडायचं नाही. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं ह्याला चिंध्यांत गुंडाळून चिंधू म्हटलं. मरण आलंच तर चिंध्या समजून पुढं जाईल, एवढीच त्या माउलीची हुशारी. धुरपतानं ते नाव मांडवात घेतलं ते घेतलं, पुन्हा तोंडात आणलं नाही. हाक मारायची वेळ आली की नुसतं "अवो". तो तलावावर असला तरी त्या "अवो"ला ओळखून परत यायचा, ओल्या पायांनी, मागच्या दारानं.

तिनं हळूच गिरजाबाईच्या मुठीतून पदर सोडवून घेतला.

"समोर हाये गल्ली, मांगं तलावाची पार,
चिंधूरावांच्या घराले हाये मांगचं बी दार."

टाळ्या पडल्या. सुलोचनाबाई "वा गं बाई!" म्हणाल्या. साहेबही हसले, उठून नकाशापाशी गेले.

"मागं दार आहे म्हणजे पारीवरून वाट असणार?"

"हाये जी."

"रुंद आहे, का नुसती पायवाट?"

"चार माणसं आरामात जातात."

साहेबांनी बाबूकडे बघून मान हलवली. पार म्हणजे तलावाचा बांध, पक्की खूण, गल्लीपेक्षा चांगली. त्यांनी पेन्सिल घेतली, लाल रेघ घराच्या कोपऱ्यावर थांबवली, आणि तिथून एक नवी, हलक्या हाताची रेघ मागं वळवून तलावाच्या कडेकडेनं नेली. गुलाबी ओळ हिरव्या ओळीला जाऊन मिळाली. "माझा अभिप्राय तसा पाठवतो. शेवटचं वर ठरेल," ते म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "आणि मावशी, घरी गेल्यावर चिंधूरावांना सांगा. त्यांचं मागचं दार आता नकाशात आलं म्हणून."

गिरजाबाईनं मान खाली घातली. धुरपता नकाशाकडेच बघत होती. पेन्सिलीची रेघ पाण्याच्या काठानं चालली होती, लाटेबरोबर वर जात होती, खाली येत होती.

"त्याइले ठावं हाये जी," ती म्हणाली. "गल्लीत कमरेइतकं पाणी होतं त्या दिवशी. मांगच्याच दारानं चौघाइनं नेलं त्याइले."