मास्तरांचा आवाज

निकाल ऐकून कोर्टाबाहेर येताच हिंदुराव मास्तरांनी वकीलबाईंना विचारलं, "म्हणजे आता माझ्या आवाजाची नक्कल करून कुणी भलतंसलतं पसरवायचं नाही?"

"अजिबात नाही," त्या हसल्या. "ती खोटी क्लिप सगळीकडून काढून टाकायचा हुकूम झालाय. बनवणाऱ्यावर खटला चालेल."

मास्तर तालुक्यातले कबड्डीचे समालोचक. ज्या मुलींच्या संघाला त्यांनी वर्षानुवर्षं माईकवरून हुरूप दिला, त्यांनाच 'घरी बसून भाकऱ्या थापा' असं सुनावणारी क्लिप कुणीतरी कॉम्प्युटरवर हुबेहूब त्यांच्या आवाजात बनवली होती. कबड्डी मंडळानं त्यांच्याकडून माईक काढून घेतला. पण मास्तरांच्या जिव्हारी लागलं ते मुलींनी बोलणं टाकलं, हे.

त्या संध्याकाळी अंतिम सामना होता. मास्तर गर्दीत मागेच उभे राहिले. निकालाची बातमी मात्र त्यांच्या आधी मैदानावर पोचली होती. संघाची कर्णधार मयूरी गर्दीतून वाट काढत आली आणि त्यांच्या पाया पडली.

"चुकलं आमचं, मास्तर. इतकी वर्षं तुमचं ऐकलं आन् एका क्लिपवर भरवसा ठेवला."

"अगं, माझ्या बायकोलासुद्धा तो आवाज माझाच वाटला! जेवायला वाढेना मला."

मुली खळखळून हसल्या. कुणीतरी मास्तरांच्या हातात माईक दिला. त्यांनी टिचकी मारून तो सुरू आहे का ते पाहिलं. मग शिट्टी वाजली, मयूरी चढाईला निघाली आणि मास्तर असे गरजले की पलीकडच्या चिंचेवरचे बगळे भर्रकन उडाले.